रायपूरची गाडी शिमल्याच्या वाटेवर

रायपुरात आमचा बर्फाशी संबंध येतो तो दोनच ठिकाणी. एक उसाच्या रसाच्या दुकानात आणि दुसरा लग्नाच्या मांडवामागे, जिथे पोत्यात गुंडाळलेली लादी फोडायला आचाऱ्याचा पोरगा बसलेला असतो. इथला मे महिना पंचेचाळीस अंशांचा. थंडी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेची, बारा-तेरा अंशांची. पण तेवढ्यावरही आमच्या तात्यापाऱ्यात कानटोप्या निघतात आणि म्हाताऱ्यांच्या खाटेशेजारी गोरसी धुमसू लागते. गोरसी म्हणजे मातीची छत्तीसगडी शेगडी. हा शब्द आता आमच्या मराठीतच जमा झाला आहे.

अशा या गावात २०२४ च्या दिवाळीला रजेवर आलेल्या माझ्या भाच्याने फराळाच्या ताटावर जाहीर केले, "मामा, गाडी घ्यायचीय. बर्फात चालणारी. चार लाखांच्या आत."

ताईच्या हातातली करंजी हातातच राहिली. भाऊजींनी चष्मा काढून पुसला. घरात काही गंभीर घडले की ते आधी चष्मा पुसतात.

भाचा पंचवीस वर्षांचा. बारावीनंतर भरती झाला आणि नुकताच नाईक झाला होता. बदली शिमल्याजवळच्या जतोगला. तिथे त्याला राहायला क्वार्टर मिळाले होते आणि डिसेंबरात तो बायकोला आणि आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन जाणार होता. आजारपणात लष्कराची सोय असतेच. पण बाजार, टोचण्या, स्टेशन, अचानक निघालेले काम यांचे काय? "इथे आपण बाळाला स्कूटरवर पुढ्यात घेऊन जयस्तंभ चौकापर्यंत जातो. तिथे डिसेंबरानंतर दुचाकीवर मी एकटासुद्धा बसत नाही," तो म्हणाला. यावर कोणाला बोलता येईना.

तसे आमच्या गल्लीत शिमल्याचे कौतुक कमीच. सरगुजा जिल्ह्यातल्या मैनपाटला इकडे 'छत्तीसगडचे शिमला' म्हणतात. त्यामुळे शेजारच्या काकांनी लगेच निकाल दिला, "शिमला क्या, मैनपाट तो अपने पास भी है. वहां तो मारुती आठसौ चढ़ जाती है!" हे वाक्य पुढे खरोखरच कामाला आले, पण वेगळ्या अर्थाने.

पगार, कर्ज आणि पांढरी गाडी

आधी आमच्या मोहल्ल्याविषयी दोन शब्द. रायपुरात मराठी माणूस पाहुणा नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपुरास येऊन राज्य करू लागले. त्यांच्यामागोमाग कारकून, पुजारी, शिलेदार, वैद्य असे सगळे आले. १८५४ मध्ये नागपूरबरोबर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले, पण माणसे इथेच राहिली. पुढे रेल्वे आली, तिने आणखी माणसे आणली. महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचे. गणपती, दिवाळी पहाट, हळदीकुंकू सगळे इथे होते. होत नाही ते एवढेच की तरुण मुले फौजेत फारशी जात नाहीत. बँक, रेल्वे, भिलाईचा पोलाद कारखाना, नाहीतर पुणे. म्हणून भाचा वर्दीत घरी येतो तेव्हा गल्लीचे डोळे त्याच्यावर असतात, आणि तो कोणती गाडी घेतो याकडेही.

भाऊजी रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर सायकल आणि स्कूटर. त्यांचे म्हणणे सरळ होते. मुलगा फौजी आहे, पहाडात जायचे आहे, तेव्हा गाडी दणकट, उंच आणि नवी पाहिजे. रायपुरात उंच पांढरी गाडी म्हणजे ठेकेदार, नेता किंवा राईस मिलवाला. दारात ती उभी राहिली की माणसाची उंची आपोआप वाढते! भाऊजींनी कर्जाचा हिशेबही आणला होता. आठ लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षे. हप्ता सुमारे तेरा हजार.

मी कागद घेतला आणि मागच्या बाजूला भाच्याचा पगार मांडला. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नाईकाचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर सैनिकी सेवा वेतन ५,२०० रुपये, शिवाय महागाई आणि इतर भत्ते. नोकरी पक्की, खाणे-राहणे बरेचसे सरकारी. तरी घरी पाठवायचे पैसे, बाळाचा खर्च आणि विमा वजा केल्यावर तेरा हजारांचा हप्ता म्हणजे सात वर्षे श्वास रोखून धरणे. बदली होईल, बाळ शाळेत जाईल, हप्ता आहे तिथेच राहील.

मग कँटीनचा विषय निघाला. सैनिकांच्या कँटीनमार्फत गाडी घेतली तर जीएसटीत सवलत मिळते, हे खरे आहे. पण २०१९ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार जवानाला ही संधी नोकरीत एकदा आणि निवृत्तीच्या वेळी एकदा, तीही १४०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आणि किमतीची मर्यादा पाळून. मर्यादा अधूनमधून बदलतात, तेव्हा घेणाऱ्याने आपल्या युनिटमध्येच विचारावे. भाचा म्हणाला, "ती संधी मी आत्ता खर्च करणार नाही. चाळिशीत घेईन, तेव्हा पोरगी मोठी झालेली असेल." पंचविशीतल्या मुलाने चाळिशीचा विचार केलेला पाहून मला बरे वाटले. भाऊजींनी चष्मा पुन्हा पुसला.

एक खुलासा करायला हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. हा हिशेब आज मांडला तर आकडे थोडे वेगळे येतील. आमच्या वेळी ते तसे नव्हते.

जीई रोडवरची परेड

तर जुनी गाडी घ्यायची ठरली. जुन्या गाड्यांची दुकाने रायपुरात जीई रोडच्या कडेने आणि इतरत्रही पसरलेली आहेत. जीई रोड म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. मुंबईहून कोलकात्याला जाणारा हा रस्ता शहराच्या पोटातून जातो, आणि दुर्ग-भिलाईपासून रायपूरपर्यंत जे काही विकण्यासारखे आहे ते याच्या आसपास सापडते. रविवारी सकाळी भाचा, भाऊजी, आमच्या गल्लीतला मिस्त्री आणि मी निघालो. मिस्त्री छत्तीसगडी, मितभाषी. गाडी विकणाऱ्याशी तो बोलत नाही, थेट गाडीशी बोलतो.

भाऊजींचे पाऊल पहिल्याच दुकानात बोलेरोपाशी थबकले. उंच, जाड पत्र्याची, खेड्यापाड्यात टिकणारी गाडी. मलाही ती आवडते. पण भाच्याने हळूच सांगितले, "बाबा, हिची ताकद मागच्या चाकांवर जाते आणि इंजिनाचं वजन पुढे असतं. रिकामी असली की मागचा भाग हलका. बर्फाच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेपूट बाजूला सरकते. तिकडचे लोक मागे वाळूची पोती टाकतात." ओम्नी आणि ईको या व्हॅनचेही तेच, चालती चाके मागची. याउलट अल्टो, वॅगन आर, टियागो, इग्निस अशा छोट्या गाड्यांत इंजिन पुढे आणि चालती चाकेही पुढची. म्हणजे इंजिनाचे वजनच चाकांना रस्त्यावर दाबून धरते. दिसायला किरकोळ असलेली गाडी चढावर का पुढे जाते, त्याचे गुपित एवढेच.

भाच्याचे स्वतःचे मन मात्र जिप्सीवर होते. फौजेत ज्याने जिप्सी पाहिली त्याला दुसरी गाडी गाडीच वाटत नाही. १९८५ साली आलेली, चारही चाकांना ताकद देणारी, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच. एका दुकानात हिरव्या रंगाची एक उभी होती. तो तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि गप्प झाला. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामागे सुरक्षिततेचे नवे नियम हेही एक कारण होते. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पेट्रोल पिण्यात पटाईत. एकटा असता तर त्याने घेतली असती. पण मागे बाळ बसणार होते.

एबीएसबद्दल मी मुद्दाम सांगतो, कारण जुनी गाडी घेणारे ते विचारतच नाहीत. घसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाके जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाते. एबीएस चाके जाम होऊ देत नाही, म्हणून निदान वळवणे आपल्या हाती राहते. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. त्यामुळे आम्ही रेघ मारली की त्यानंतरची गाडी, नाहीतर नाही. या एका रेघेने अर्धे दुकान बाद झाले आणि आमचे काम सोपे झाले.

दुसरी रेघ इंजिनाची. उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर, शिमला बावीसशेच्या आसपास. म्हणजे इथल्या सपाटीवर उड्या मारणारी आठशे सीसीची गाडी तिथे चार माणसे आणि सामान घेऊन चढताना धापा टाकणार. एक हजार चालेल, बाराशे बरी.

एका दुकानात अगदी मनासारखी गाडी मिळाली. चकाचक, भावही कमी. मिस्त्रीने काही न बोलता पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला, बोट फिरवले आणि आम्हाला दाखवले. बोटावर वाळलेला बारीक गाळ होता. गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी राहिली होती. विकणारा म्हणाला, "अरे भैया, धूल है." मिस्त्री म्हणाला, "धुर्रा अइसन नइ जमय." धूळ अशी जमत नाही. आम्ही बाहेर पडलो.

शेवटी मिळाली ती २०२० सालची पेट्रोल टियागो. बाराशे सीसी, एबीएस, दोन एअरबॅग, जमिनीपासून १७० मिलिमीटर. त्याच वर्षी जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत या मॉडेलला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले होते. तिच्या किमतीत तेवढे तारे मिळवणाऱ्या गाड्या फार नव्हत्या. सौदा पावणेचार लाखांत झाला. भाऊजी घरी येईपर्यंत गप्प होते. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "निळी आहे." ताईने नारळ फोडला.

टाटीबंधचा सरदारजी

गाडी झाली, पण बर्फाचे ज्ञान रायपुरात कोणाकडे असणार? उत्तर सोपे निघाले. टाटीबंध. शहराच्या पश्चिमेला ट्रकवाल्यांची ही वस्ती. गुरुद्वारा, टायरची दुकाने, पाट्याच्या कमानी ठोकणारे लोहार, ढाबे. इथल्या उरला-सिलतराच्या कारखान्यांतले लोखंड आणि राईस मिलचा तांदूळ देशभर पोचवणारे ट्रक इथे विसावतात. मिस्त्रीच्या ओळखीने आम्ही एका वयस्कर सरदारजींकडे गेलो. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर त्यांनी वीस वर्षे ट्रक चालवलेला.

त्यांनी आधी गाडीकडे पाहिलेच नाही. वाकून टायरकडे पाहिले. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर १४२० होते, म्हणजे २०२० सालचा चौदावा आठवडा. नक्षी चांगली खोल होती, म्हणून आम्ही खूश होतो. सरदारजींनी नख रोवून पाहिले. "रायपूर की धूप में पक गया है. पत्थर है ये." रबर थंडीत आणखी कडक होते. सात अंशांखाली साधे टायर पकड सोडू लागतात, म्हणून युरोपात हिवाळ्याचे वेगळे टायर असतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. तेव्हा निदान नवे, मऊ टायर घालायचे आणि सोबत साखळ्या ठेवायच्या. साखळी चालत्या चाकांना बांधायची, म्हणजे या गाडीत पुढच्या. बर्फ संपून डांबर लागले की लगेच सोडायची, नाहीतर टायर आणि साखळी दोन्ही जातात.

"चारही चाकांवर चालणारी गाडी घेतली नाही म्हणून वाईट वाटतंय," भाचा म्हणाला. सरदारजी हसले. चार चाकांची ताकद चढायला कामाला येते, थांबायला नाही. थांबताना ती इतरांइतकीच घसरते, असे त्यांनी सांगितले. आणि मग ते वाक्य, जे भाचा अजून म्हणतो: "बर्फ में ब्रेक दुश्मन है, गेर यार है." उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचे. पुढच्या गाडीपासून पाचपट अंतर ठेवायचे. सावलीच्या वळणावर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे रस्ता कोरडा दिसला तरी विश्वास ठेवायचा नाही. डांबरावर काचेसारखा पातळ थर असतो आणि तो दिसत नाही. रात्री हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. वायपर काचेवरून उचलून ठेवायचे. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतायचे नाही, काच तडकते.

भाऊजींनी हे सगळे रेल्वेच्या जुन्या डायरीत लिहून घेतले. त्यांचा राग तिथेच कुठेतरी गेला असावा. परतताना त्यांनी आपल्या खिशातून चार नव्या टायरांचे पैसे दिले.

स्वेटरची खरेदी राहिली होती. दर हिवाळ्यात रायपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार भरतो. बाळासाठी टोपडी बघताना ताईने नेहमीप्रमाणे सगळी कहाणी सांगून टाकली. दुकानातल्या बाईंनी टोपडे पिशवीत घातले आणि विचारले की गाडी कधी थंडीत रात्रभर उभी केली आहे का. रायपुरात कुठे करणार? त्या म्हणाल्या, मग मैनपाटला एक रात्र न्या. जे बिघडायचे ते आपल्या मुलखात बिघडू दे.

बर्फाची रंगीत तालीम

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. भाचा, भाऊजी आणि मी. ताईने डब्यात पुऱ्या, सुकी भाजी आणि सहाच्या संचातल्या स्टीलच्या वाट्या दिल्या. ते कागदी द्रोण नकोत म्हणाली.

रायपूरहून बिलासपूर, तिथून कटघोरा आणि अंबिकापूर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. बिलासपूरपर्यंत धानाच्या कापलेल्या शेतांचा सपाट मुलूख, ट्रॅक्टरांच्या रांगा. सोसायट्यांवर धानखरेदी चालू होती, त्यामुळे रस्त्यावर सगळीकडे पोतीच पोती. कटघोऱ्यानंतर साल वृक्षांचे रान सुरू होते आणि हत्तींपासून सावध राहायला सांगणारे फलक दिसू लागतात. भाऊजींनी डायरी उघडून विचारले, "सरदारजींनी हत्तीबद्दल काही सांगितलं होतं का?"

अंबिकापूरहून मैनपाटचा घाट चढलो तेव्हा ऊन कलले होते. मैनपाट म्हणजे हजार मीटरांहून उंच असे लांबरुंद पठार. १९६२ नंतर इथे तिबेटी निर्वासितांना वसवले गेले आणि त्यांच्या वस्त्यांना अजून 'कॅम्प' म्हणतात. वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका, मठ, दारात बसून माळ ओढणाऱ्या आजीबाई आणि बाजूला टाऊची शेते. टाऊ म्हणजे कुट्टू, उपवासाच्या पिठाचा. उलटा पानी, जलजली अशी पाहण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत. उलटा पानीला चढाकडे वाहणारा ओहोळ पाहून भाऊजी अर्धा तास वाद घालत होते. पण आम्ही पर्यटक म्हणून आलो नव्हतो.

रात्री ज्या घरी उतरलो, तिथला तरुण स्वतः जीप चालवायचा. गाडी कुठे जाणार हे कळल्यावर त्याने बॉनेट उघडायला सांगितले. कूलंटची टाकी हिरव्या पाण्याने भरलेली होती. आम्ही ती रायपुरात पाहिली होती, मिस्त्रीनेही पाहिली होती. पोराने टॉर्च मारला आणि म्हणाला, रंग फिका आहे. इंजिन थंड झाल्यावर त्याने रेडिएटरमधले थोडेसे पाणी काढले आणि ठेवायला भांडे मागितले. भाच्याने डब्यातली वाटी दिली. ती वाटी त्याने रात्री उघड्यावर, गवतात ठेवली.

पहाटे पाच वाजता आम्ही बाहेर आलो. पठारभर गवतावर पांढरा पाला पडला होता. पायाखाली तो कुरकुर वाजत होता. वाटीवर बर्फाची पातळ साय धरली होती. पोराने बोटाने टकटक केली. साय मोडून दोन तुकडे झाले.

आम्ही तिघे त्या वाटीभोवती उकिडवे बसून बघत राहिलो. रायपूरच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी उतरले की माणूस नळाचे पाणी ओततो. मालकाने ओतले, दुकानाने ओतले, शेवटी रंग दिसावा म्हणून थोडे हिरवे टाकले. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असे नीट मिसळले तर ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. आमच्या वाटीत होते ते जवळजवळ पाणीच. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि मग रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. मैनपाटला काही झाले नाही. इथली थंडी पहाटेपुरती, बॉनेटखाली इंजिनाच्या पोटापर्यंत ती पोचत नाही. जतोगला दोन दिवस बर्फात उघड्यावर उभी राहिली असती तर सकाळी भाच्याच्या हाती पावणेचार लाखांचे भंगार आले असते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, बाळाला घेऊन अर्ध्या वाटेत.

भाऊजी काही बोलले नाहीत. चष्मा मात्र त्यांनी बराच वेळ पुसला.

त्या पहाटेने आणखी एक गोष्ट दाखवली. सेल्फ मारल्यावर इंजिन कण्हत कण्हत फिरले आणि तिसऱ्या खेपेला सुरू झाले. रायपूरचा उन्हाळा बॅटरीला आतून खातो आणि थंडी त्या खाल्लेल्याचा हिशेब मागते. बॅटरी बदलायची हेही तिथेच ठरले. टायरमधली हवा मोजली तर ती रायपुरात दुपारी भरली होती त्यापेक्षा कमी. पाच-सहा अंश थंडीमागे साधारण एक पौंड उतरते. म्हणून हवा जिथे गाडी चालवायची तिथे, सकाळी, थंड टायरमध्ये बघायची.

परत आल्यावर मिस्त्रीने सगळे पाणी काढले, आतून दोनदा धुतले आणि नवे कूलंट मापाने भरले. टाकीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली: "पानी झन डारबे." पाणी घालू नकोस. त्याचा पडलेला चेहरा बघवत नव्हता. फिका रंग आपल्याला दिसला नाही याचे त्याला फार लागले होते. मजुरी त्याने घेतली नाही.

कागदपत्रांचे काम तेवढ्यातच उरकले. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर मिळतो आणि डिसेंबर २०२२ पासून जुन्या गाडीलाही तो घेता येतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी नंबर तोच. नाहीतर परराज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की पुन्हा नोंदणी आली. फौजी माणसाला ही सोय मोठी आहे. भाच्याने तो अर्ज केला.

मग १६ डिसेंबरला भल्या पहाटे तो आणि भाऊजी निघाले. कवर्धा, चिल्फीचा घाट, मंडला, जबलपूर, सागर, झाशी, आग्रा, दिल्ली, काल्का. दीड हजार किलोमीटरहून जास्त, चार दिवस, दिवसाउजेडीच चालवायचे या अटीवर. सून आणि बाळ मागाहून रेल्वेने दिल्लीपर्यंत, तिथून पुढे सगळे एकत्र. भाऊजींनी डायरी सोबत घेतली होती.

डिसेंबरच्या अखेरीस शिमल्यात बर्फ पडला. त्या दिवसांत हिमाचलात घसरलेल्या, अडकलेल्या गाड्यांची दृश्ये बातम्यांत सारखी दिसत होती आणि ताई टीव्ही लावायची आणि बंद करायची. दुसऱ्या दिवशी भाच्याने फोटो पाठवला. वीतभर बर्फाखाली निळी गाडी, वायपर वर उचललेले, चाकाला दगड. खाली लिहिले होते, पहिल्या सेल्फला सुरू झाली, पण आज बाहेर काढत नाही, रस्ता साफ होऊ दे. गाडीच्या बाजूला भाऊजी नातीला कडेवर घेऊन उभे. त्यांची कानटोपी तात्यापाऱ्यातलीच होती.

ताईने फोटो मोठा करून बाळाचे टोपडे कानांवर आहे की नाही ते पाहिले. मग मला म्हणाली, "सगळं ठीक. पण माझ्या वाटीचं काय?"

कूलंट विषारी असते, त्या वाटीत पुन्हा खायचे नाही, म्हणून ती आम्ही मैनपाटलाच टाकून आलो होतो. हे मी तिला तीनदा समजावले आहे. सहाच्या संचात आता पाचच वाट्या आहेत, आणि घरी कोणी पाहुणा आला की हे ऐकावे लागते.